कुटुंब म्हणजे चूल की रेशन कार्ड? पुराच्या याद्या जुळेनात

नदीकाठ:
नमस्कार मंडळी. पुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, हातकणंगले आणि शिरोळच्या गावांत आमचं मंडळ मदतीची किट वाटतं. यंदा पावसाळ्याआधी तीन याद्या एकत्र करायच्यात: आशाताईंची घरांची, दूध संस्थेची जनावरांची आणि शेतकऱ्यांच्या क्षेत्राची. दोन रात्री एक्सेल घेऊन बसलो, जुळत नाहीत.

गावाच्या रकान्यात नुसतं 'शिरोली'. पुलाची की दुमाला? 'बावडा' म्हणजे कसबा बावडा की गगनबावडा? क्षेत्रात १.२० लिहिलंय. सातबाऱ्यावरून उतरवलं असेल तर एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. शेतकऱ्यानं तोंडी सांगितलं असेल तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीडच एकर.

पण खरी बोच वेगळीच आहे. २०२१ च्या जुलैत आम्ही 'कुटुंब' रकाना मोजून किट नेली. एका घरात रेशन कार्ड एक आणि चुली तीन निघाल्या. किट थोरल्या सुनेकडं गेलं. धाकटी दोन पोरं घेऊन उभी होती, एक शब्द बोलली नाही. परत तसं होऊ द्यायचं नाही. एकानं मेटाडेटा रजिस्ट्री, म्हणजे कुठल्या रकान्याचा अर्थ काय याची नोंदवही, करा म्हणून सुचवलंय. आमच्यासारख्यांना झेपेल का?

नकाशेवाला:
गावांचं लगेच सुटेल. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. नाव राहू द्या, शेजारी कोडचा रकाना घाला. २०११ च्या जनगणनेचेही कोड आहेत, त्यामुळं कुठला घेतला ते वर लिहाच.

निवृत्त सांख्यिकी सहायक:
झेपेल. रजिस्ट्रीसाठी आधी सॉफ्टवेअर लागत नाही, वही पुरते. आयएसओ १११७९ हे मानक याच कामाचं आहे. त्यात माहितीचा अर्थ आणि तिची मांडणी वेगवेगळी नोंदवतात.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट. कुणी १३.१ मीटर लिहिलं तरी उंची तीच, अर्थ एक आणि मांडण्या दोन. ते गुणाकारानं सुटतं. तुमचं १.२० पण याच जातीचं, फक्त एकक कुठलं ते यादी देणाऱ्याला विचारून घ्या, अंदाजानं भरू नका.

कुटुंबाचं तसं नाही, तिथं अर्थच निराळे. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. रेशनला कार्डावर नावं असतील ते. क्षेत्राच्या यादीत तर कुटुंबच नाही, खातेदार आहे. म्हणून 'कुटुंब' हे रकान्याचं नाव काढून टाका. चूल, शिधापत्रिका, खातेदार अशा तीन नोंदी करा आणि कुठली चूल कुठल्या कार्डात येते ते चौथ्या यादीत लिहा. प्रत्येक नोंदीपुढं व्याख्या, एकक, नोंद कोण सांभाळणार आणि तारीख. किट चुलीवर मोजा.

नदीकाठ:
काका, रविवारी दोन गावांत चुली मोजल्या. आशाताईंनी एक विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक कुठं धरायची? कार्ड सासरचं आहे.

निवृत्त सांख्यिकी सहायक:
पाणी येईल त्या दिवशी ती जिथं जेवते, तिथं. हे वाक्य चुलीच्या व्याख्येत असंच्या असं घाला, खाली तारीख टाका आणि दूध संस्थेलाही एक प्रत द्या. आशाताईंना माझा नमस्कार सांगा.