मदत हवी आहे: फॅनचा फ्यूज उडत नाही, होल्डर मात्र वितळतो

12 व्होल्टचा छोटा ट्रक आहे. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावलाय. बॅटरीवरून 30 अँपिअरचा ब्लेड फ्यूज, मग 40 अँपिअरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच (पिन 30 ला बॅटरी, पिन 87 ला फॅन), पिन 85 थर्मोस्विचमधून (तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) अर्थला. वायर 2.5 स्क्वेअर एमएम, लांबी चार मीटर.

अर्धा तास चढ चढला की फ्यूज होल्डरची एकच बाजू तपकिरी होऊन मऊ पडते. फ्यूज शाबूत! होल्डर दोनदा बदलला, लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) नव्याने दाबून क्रिंप केले. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) 25 अँपिअर. बॅटरीवर 13.9 व्होल्ट, फॅनवर 12.1, अर्थच्या बाजूला व्होल्टेजची घट जेमतेम 0.1. पाती हाताने मोकळी फिरतात. जुना फॅन काढून टाकलाय, त्यामुळे परत फिरणं नाही.

6 स्क्वेअर एमएम वायर आणि 40 अँपिअरचा मॅक्सी फ्यूज (मोठ्या आकाराचा ब्लेड फ्यूज) टाकून भागेल, की फॅनची मोटरच जास्त करंट ओढतेय?