सल्ला हवा: नाशिकमध्ये कटर मशीन दुरुस्तीला कुठे द्यावं?

निफाड_फॅब्रिकेशन:
नमस्कार मंडळी. निफाड-लासलगाव पट्ट्यात कांदाचाळी आणि द्राक्षबागांचे अँगल उभे करायचं माझं काम. लोखंडी पाइप-अँगल कापायचं चौदा इंची कटर मशीन वॉरंटीत असतानाच बंद पडलं. आधी कार्बनपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) ठिणग्या वाढल्या, मग जळका वास आला आणि मशीन थांबलं. नाशिकच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन दिलं. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवर नाव-नंबर लिहून घेतला, पावती नाही. फोन केला की कधी "पार्ट मागवलाय", कधी "इंजिनिअर साइटवर गेलेत". आता म्हणतात आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळालंय, तुम्ही लोड जास्त दिला, वॉरंटीत बसत नाही. मला न विचारता मशीन उघडलं आणि जळालेलं आर्मेचर दाखवायलाही तयार नाहीत. खर्च किती, तर "ठेवून जा, सांगतो".

इकडे उन्हाळ कांदा निघायच्या आत चाळ उभी करून द्यायचीय आणि मी हँड ग्राइंडरने पाइप कापतोय. तोंड तिरकं येतं, जोडाला फट राहते, ती भरायला वेल्डिंग रॉड जास्त जातो. रोजीरोटीच्या मशीनबद्दल कोणी असं बोललं की फार लागतं. बाहेरचा चांगला कारागीर सुचवा, नाहीतर या लोकांशी कसं बोलायचं ते सांगा.

वाइंडिंगवाला_अंबड:
भाऊ, कारागिराकडे इतक्यात नेऊ नका. मशीन बाहेर उघडलं की सेंटरवाले लगेच त्याच्यावर बोट ठेवतील. आधी जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीची लेखी नोंद, घ्या. तिच्यावर सिरीयल नंबर, जमा केल्याची तारीख, तुमची तक्रार आणि वॉरंटी नाकारण्याचं कारण, सगळं लेखी.

मग आर्मेचर हातात घेऊन बघा. ओव्हरलोडने गेलेलं असेल तर वाइंडिंग (त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार) बहुधा सगळीकडून सारखं काळं पडतं, फील्डच्या (भोवतीच्या स्थिर भागाच्या) कॉइलचाही रंग बदलतो. पण बाकी तांबं स्वच्छ आणि एखादीच कॉइल जळालेली, कॉम्युटेटरच्या (कार्बन जिथे टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) एक-दोन पट्ट्यांवरच खड्डे, असं दिसलं तर वाइंडिंगमध्येच दोष असू शकतो. उजेडात चारही बाजूंनी फोटो काढा. कार्बनचेही काढा. झिजलेले कार्बन वॉरंटीत येत नाहीत, त्यामुळे ते किती उरलेत हे फोटोत दिसू द्या.

सिन्नरकर७२:
दादा, साइटवर वीज कशी घेता? बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन असेल तर व्होल्टेज पडतं. मशीनचा वेग कमी होतो, मग आपण हँडल जास्त दाबतो. आर्मेचरवरचा पंखाही हळू फिरतो, म्हणून गरम होतं. सेंटरवाले हे विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

निफाड_फॅब्रिकेशन:
अडीच एमएमची वायर आहे आणि शक्यतो शेतकऱ्याच्या मीटरजवळच मशीन लावतो.

गंगापूररोड_वकील:
लेखी मागूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. तक्रारीचा नंबर मिळतो, बऱ्याच कंपन्या तिथेच हालतात. नाही हालल्या तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षं.

"धंद्यासाठी वापरता, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही" असं कोणी ऐकवलं तर मागे हटू नका. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी हेतूत धरत नाही. मात्र वॉरंटी कार्ड नीट वाचा. मॉडेल फक्त घरगुती वापराचं असेल तर अटी वेगळ्या असतात. खरेदीचं बिल आहे ना?

निफाड_फॅब्रिकेशन:
बिल जीएसटीचं आहे, कार्डावर दुकानाचा शिक्काही आहे. घरगुती वापराची अट कुठेच नाही. उद्याच जॉबशीट मागतो.

वाइंडिंगवाला_अंबड:
छान. तोवर चौदा इंची भाड्याने घ्या, चाळ अडवू नका. आणि शेवटी बाहेरच करायची वेळ आली तर अंबड-सातपूरला रिवाइंडिंगवाले (तार नव्याने गुंडाळून देणारे) भरपूर आहेत, पण निवडताना दोन गोष्टी विचारा: वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवता का, आणि नंतर बॅलन्सिंग करता का, म्हणजे फिरताना थरथरू नये म्हणून वजन सारखं करता का. इतक्या वेगात फिरणारं आर्मेचर बॅलन्स न करता बसवलं तर बेअरिंग लवकर जातं. जुने पार्ट मात्र परत मागून घ्याच.