प्रौढांना सरसकट एकच डोस का? वजन आणि लिंग बघून मात्रा ठरवा

मात्रामेय:
लहान मुलाला पॅरासिटामॉल द्यायचं तर आधी वजन बघतात: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तेच मूल मोठं झालं की हिशेब बंद. प्रौढांनी एका वेळी १ ग्रॅमपर्यंत, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, एवढाच नियम उरतो. आकडे मांडून बघा. ९५ किलोच्या पुरुषाला तो १ ग्रॅम किलोमागे साडेदहा मिलिग्रॅम पडतो, ४२ किलोच्या बाईला जवळपास २४. तिने चारही डोस घेतले तर यकृतावर दिवसाला किलोमागे ९५ मिलिग्रॅमचा भार. हेच औषध शिरेतून देताना मात्र ५० किलोंखालच्या रुग्णाला किलोमागे १५ मिलिग्रॅमचा नियम लावतात. मग गोळीला वेगळा न्याय कशासाठी?

बायकांच्या बाबतीत तर चूक मुळातच आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. ते धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं. झोपेच्या झोल्पिडेमला तिथे १९९२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. स्त्रियांचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला २०१३ उजाडलं. कारण १० मिलिग्रॅम घेऊन आठ तास झाल्यावरही सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या रक्तात मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमहून जास्त औषध सापडलं, म्हणजे सकाळी गाडी चालवणं धोक्याचं. पुरुषांत हे प्रमाण होतं ३ टक्के. वीस वर्षं या फरकावरून डोस बदलला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: प्रत्येक नव्या औषधाच्या माहितीपत्रकात वजनाचे गट आणि स्त्री-पुरुष असे वेगळे डोस छापणं सक्तीचं करा.

निचरा:
कळकळ पटते, उपाय पटत नाही. रोजचा डोस वजनावर ठरत नाही, शरीर औषधाचा निचरा किती वेगाने करतं यावर ठरतो. आणि निचरा वजनाच्या पटीत वाढत नाही. ६० किलोवरून १२० किलो झालं तर तो साधारण १.७ पट होतो, दुप्पट नाही. किलोमागे मोजत गेलात तर जाड माणसाला जास्त आणि बारीक माणसाला कमी औषध जाईल. पहिला, पातळी चटकन वर नेणारा डोस मात्र औषध शरीरात किती जागेत पसरतं यावर ठरतो, तिथे वजनाला खरा अर्थ आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं.

उदाहरण घ्या. वय ७०, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) डेसिलिटरमागे १.० मिलिग्रॅम, प्रयोगशाळेच्या कागदावर "नॉर्मल". किडनीचं काम मोजायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, स्त्री असेल तर उत्तर गुणिले ०.८५. ७५ किलोच्या पुरुषाचं उत्तर येतं मिनिटाला ७३ मिलिलिटर. ४५ किलोच्या बाईचं ३७. रिपोर्ट एकच, पण किडनीचं काम निम्मं! किडनीतून बाहेर पडणाऱ्या औषधाला हा आकडा हवा. वजन आणि लिंग त्या सूत्रात आधीच आहेत, वेगळे रकाने कशाला?

कर्करोगावरच्या पेम्ब्रोलिझुमॅबचं बघा. आधी किलोमागे २ मिलिग्रॅम होतं, पुढे सरसकट २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी केलं. रक्तातल्या पातळीतली तफावत त्याने वाढली नाही, आणि हिशेबातल्या चुकांची वाटच बंद झाली.

काटेकोर:
निचरा, त्या औषधाची सुरक्षित मर्यादा प्रचंड रुंद आहे म्हणून ते चाललं. क्षयाच्या चार औषधांच्या एकत्र गोळीला हे लावून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वजनगटांत ३८ ते ५४ किलोला रोज तीन गोळ्या, म्हणजे रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम. ३८ किलोच्या रुग्णाला ते किलोमागे ११.८ पडतं, ५४ किलोच्याला ८.३. हवं ८ ते १२. दोन्ही टोकं जेमतेम बसली. एथॅम्ब्युटॉल मात्र तीन गोळ्यांत ८२५ मिलिग्रॅम, ३८ किलोला किलोमागे २१.७. हवं १५ ते २०, आणि हे औषध जास्त झालं तर डोळ्याच्या नसेवर येतं. गट असूनही इतकी ओढाताण होते. गटच नसते तर काय झालं असतं?

जाड माणसाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. १०० किलोची, ५ फूट ३ इंचांची बाई, जेंटामायसिन हे प्रतिजैविक किलोमागे ५ मिलिग्रॅम. काट्यावरचं वजन धरलं तर ५०० मिलिग्रॅम. पण हे औषध चरबीत फारसं शिरत नाही. म्हणून आदर्श वजन काढायचं: ४५.५ अधिक पाच फुटांवरच्या दर इंचाला २.३, म्हणजे ५२.४ (पुरुषांसाठी सुरुवात ५० पासून). त्यात जादा वजनाचे ४० टक्के मिळवायचे: ७१.४. डोस येतो साधारण ३६०. हा १४० मिलिग्रॅमचा फरक रोज जात राहिला तर कान आणि किडनी दोन्ही धोक्यात. तेव्हा "वजन" म्हणताना कुठलं वजन, हे आधी सांगा.

मृण्मयी:
"लिंग सूत्रात आधीच आहे" हे वाक्य मला खटकलं. ते ०.८५ म्हणजे स्त्रियांचे स्नायू कमी, एवढीच नोंद. पुढचा फरक त्यात येत नाही.

रात्री वारंवार लघवीला उठावं लागणाऱ्यांसाठीचं डेस्मोप्रेसिन घ्या. जिभेखाली विरघळणाऱ्या गोळीचा डोस स्त्रियांना २५ मायक्रोग्रॅम, पुरुषांना ५०. हा फरक निचऱ्याचा नाही. स्त्रियांची किडनीच या औषधाला जास्त प्रतिसाद देते. पेशीवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून ते काम करतं त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. जास्त डोस गेला तर रक्तातलं सोडियम घसरतं, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गोंधळ उडतो आणि झटके येतात. हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवणारी औषधंही तशीच: क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा, ईसीजीवर दिसणारा वेळ) स्त्रियांत मुळातच लांब, त्यामुळे पातळी सारखी असली तरी धोका जास्त.

आणि बायकांना नेहमी कमीच लागतं असंही नाही. प्रोपोफॉलच्या भुलीतून स्त्रिया पुरुषांपेक्षा लवकर जाग्या होतात. सगळ्या बायकांचा डोस सरसकट खाली आणला तर टेबलावर जाग येण्याचा धोका आपणच वाढवू. म्हणून वेगळा रकाना हवा, पण त्यातला आकडा औषधागणिक तपासलेला हवा.

निचरा:
डेस्मोप्रेसिनचा मुद्दा मान्य. तिथे माझं सूत्र अपुरं आहे, वाद नाही.

पण सक्तीच्या रकान्याची भीती कायम आहे. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवरचा २०१९ चा युरोपीय अभ्यास बघा: स्त्रियांना बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) वगैरेंच्या ठरलेल्या डोसच्या निम्म्यावरच पूर्ण लाभ मिळाल्यासारखा दिसला. तो निरीक्षणातून, मागाहून काढलेला निष्कर्ष होता. डोस चिठ्ठ्या टाकून वाटलेला नव्हता. जास्त आजारी बाईला डॉक्टरच हात राखून औषध देतात, मग डोस आणि परिणाम यांचं नातं गढूळ होतं. अशा पुराव्यावर "स्त्री: निम्मा" असं छापलं तर कित्येक जणी अर्धवट उपचारांवर राहतील, आणि त्याचे दुष्परिणाम कुणाच्या नोंदीतही येणार नाहीत.

मात्रामेय:
मग रकान्यात पुराव्याचा दर्जाही छापा. माहिती दडवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

काटेकोर:
नियम बदलतील तेव्हा बदलतील, एक गोष्ट आजच करता येते. चिठ्ठीवर वजन, उंची आणि क्रिएटिनिन, तिन्ही तारखेसकट. वजन विचारून नाही, काट्यावर घेऊन, आणि शेजारी "किलो" लिहून. पौंडाचा आकडा किलो समजला गेला की डोस २.२ पट होतो. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं अपिक्साबॅन हृदयाची लय अनियमित असलेल्यांना देताना वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर डोस ५ वरून २.५ मिलिग्रॅम होतो. एकच जुळली तर होत नाही. वजन लिहिलेलंच नसेल तर औषध देणाऱ्याने हे पडताळायचं कसं?

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी "माझं वजन कमी आहे" म्हणून घरी गोळी अर्धी करणार असेल तर थांबा. झोल्पिडेमची सावकाश विरघळणारी गोळी १२.५ आणि ६.२५ अशा दोन मापांत येते. मोठी तोडली तर छोटी होत नाही. थर फुटतो आणि रात्रभर पुरवून सुटायचं औषध एकदम सुटतं. कमी डोस हवा असेल तर ६.२५ ची गोळी लिहून घ्या.