दिवाणखाना उबदार करण्यासाठी गॅसची फायरप्लेस घ्यावी की बायोइथेनॉलची?

लीड्सनिवासी

नमस्कार. लीड्समध्ये आमचे व्हिक्टोरियन काळातले, शेजारच्या घरांना लागून असलेले विटांचे घर आहे. सेंट्रल हीटिंग आहे. परंतु रस्त्याकडचा दिवाणखाना (५ मीटर लांब, ४ रुंद आणि छत ३ मीटर उंच) थंडीत नीट तापतच नाही. तिथले जुने धुराडे आधीच्या मालकांनी फळी ठोकून बंद केले आहे. जानेवारीत पत्नीचे बाळंतपण आहे, म्हणून सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांना दमा आहे आणि त्यांचा बहुतेक वेळ याच खोलीत जाईल. दुकानात आम्हाला बायोइथेनॉलची, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या अल्कोहोलवर चालणारी, फायरप्लेस सुचवली गेली, कारण तिला धुराडे लागत नाही, राख होत नाही आणि धूरही दिसत नाही. रोज संध्याकाळी पाच तास ती वापरायची झाल्यास गॅसच्या तुलनेत कशी ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कऱ्हाडकर

आधी हिशेब मांडतो. खोलीचे घनफळ ६० घनमीटर आहे. त्याला १४ ने भागण्याचा इथला ढोबळ नियम लावला, तर सुमारे ४.३ किलोवॉट उष्णता लागते. बायोइथेनॉलचे घरगुती बर्नर बहुधा २ ते ३ किलोवॉटचे असतात, म्हणजे एवढ्या खोलीला ते एकटे पुरणार नाहीत. एक लिटर इथेनॉलमधून जवळजवळ ६ युनिट उष्णता मिळते. मला ते लिटरला साडेतीन पौंडांना पडते, म्हणजे युनिटमागे ६० पेन्सच्या आसपास खर्च येतो. माझ्या बिलात गॅसचे युनिट ६ ते ७ पेन्सना आहे आणि विजेचेसुद्धा इथेनॉलच्या निम्म्याहून स्वस्त आहे. तासाला अर्धा लिटर धरला, तर तुमची एक संध्याकाळ पावणेनऊ पौंडांना पडेल. तेवढीच ऊब काच लावलेल्या चांगल्या गॅस फायरप्लेसमधून दीड पौंडाच्या आत मिळावी.

पैशांपेक्षाही मला काळजी वाटते ती सासऱ्यांच्या दम्याची आणि येणाऱ्या बाळाची. धूर दिसत नाही, याचा अर्थ काहीच बाहेर पडत नाही असा नाही. त्या पाच तासांत अडीच लिटर इथेनॉल जळल्यावर सव्वादोन लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने आणि पावणेचार किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि धुराडे नसल्यामुळे हे सगळे खोलीतच राहते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०१४ साली जाहीर केलेल्या चाचण्यांत अशा फायरप्लेसमधून नायट्रोजन डायऑक्साइड आणि फॉर्मल्डिहाइडही बाहेर पडत असल्याचे आढळले होते. खिडकी उघडी ठेवली तर हवा सुधारेल, पण ज्या उबेसाठी एवढा खर्च करायचा तीच बाहेर जाईल. आमचे घर ऊस पिकवणारे. मळीपासून होणाऱ्या इथेनॉलबद्दल मला आपुलकीच आहे, तरीही बंद खोलीत रोज पाच तास ते जाळा, असे मी म्हणणार नाही.

खिडकीपाशी

आमच्या फ्लॅटमध्ये धुराडे नव्हते, म्हणून आम्ही दोन हिवाळे बायोइथेनॉल वापरले. ज्योत सुंदर दिसते, हे खरेच. परंतु पहिल्याच जानेवारीत खिडकीच्या तावदानांवरून पाणी ओघळू लागले आणि सोफा पुढे ओढला तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी दिसली. दुसऱ्या वर्षी एका दुपारी ज्योत विझली असे समजून माझ्या यजमानांनी बर्नरमध्ये बाटलीतून इंधन ओतले. उन्हात निळसर ज्योत त्यांना दिसलीच नव्हती. आग क्षणात बाटलीच्या तोंडापर्यंत आली आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे भाजली. बर्नर पूर्ण गार होईपर्यंत इंधन ओतायचे नाही, हे आम्ही वाचलेले होते, तरी हे घडले. रात्री बाळाला घेऊन बसलेल्या, झोप अपुरी झालेल्या घरात मी ही वस्तू ठेवणार नाही.

निळी ज्योत

मी गॅसच्या कामात आहे, म्हणून एक भेद स्पष्ट करतो. उघड्या तोंडाच्या, नुसत्या निखाऱ्यांचा देखावा असणाऱ्या गॅस फायरप्लेसमधली बरीचशी उष्णता धुराड्यातून निघून जाते. काच लावलेल्या प्रकारात ७० ते ८० टक्के उष्णता खोलीत येते. दम्याच्या दृष्टीने मी बॅलन्स्ड फ्लू (फ्लू म्हणजे जळलेली हवा बाहेर नेणारी नळी) असलेली फायरप्लेस सुचवीन. त्यात जळायला लागणारी हवा बाहेरून येते, जळलेली हवा बाहेरच जाते आणि खोलीतल्या हवेशी तिचा संबंध येत नाही. फ्लू नसलेली गॅस फायरप्लेसही मिळते, पण तिची वाफ खोलीतच राहते, म्हणून ती टाळावी.

धुराडे वापरायचे ठरले तर ते झाडून घ्यावे, त्याची धुराची चाचणी करावी आणि गरज भासल्यास आत लायनर (धुराड्याच्या आतून जाणारी नळी) घालावा. काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये (इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंद असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, तसा कायदाच आहे. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणत्या कामाची परवानगी आहे ते लिहिलेले असते, ते वाचून पाहावे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत लावावा. मात्र या सगळ्याआधी एक तपासा, कारण खोली न तापण्याचे मूळ तिथेच असू शकते: तुमचा सेंट्रल हीटिंगचा रेडिएटर एका पत्र्याचा आहे की दोन पत्र्यांचा?

लीड्सनिवासी

सर्वांचे मनापासून आभार. रेडिएटर एकाच पत्र्याचा आणि जेमतेम मीटरभर लांबीचा निघाला. काल फळी काढली, तेव्हा ओली काजळी आणि पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या पडल्या. बायोइथेनॉलचा विचार सोडला आहे. सासरे येण्याआधी दोन पत्र्यांचा मोठा रेडिएटर बसवून घेतो. तेवढ्याने खोली तापली नाही, तर बॅलन्स्ड फ्लूसाठी अंदाजपत्रक मागवीन. तोवर धुराड्याचे तोंड पुन्हा फळीने बंद करायचे असेल, तर आत ओल धरू नये म्हणून हवा खेळती ठेवणारी जाळी बसवावी लागेल का?

निळी ज्योत

हो, जाळी अवश्य बसवा, आणि वर धुराड्याच्या तोंडाला पावसापासून व पक्ष्यांपासून वाचवणारी टोपीही लावून घ्या.