नुसत्या चित्राची पाटी: तुम्ही कुठे फसलात?

डेक्कनवाली: पुणेरी पाटी म्हणजे शब्दांचा मारा. पण अक्षर नसलेल्या पाटीने तुम्हाला किंवा पाहुण्यांना कधी चकवलंय? मीच सुरुवात करते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या जपानी बाईंना मराठी जेवायला नेलं होतं. प्रसाधनगृहाच्या एका दारावर पगडी, दुसऱ्यावर नथ. बाई परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, केक की मासे पकडायचा गळ?

वाड्यातला: भाचीची जर्मन मैत्रीण आमच्या दारावरचं स्वस्तिक बघून उंबऱ्यातच थबकली. त्यांच्याकडे नाझींचं चिन्ह चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे. आई रांगोळीत तेच काढत बसलेली! भाचीला अर्धा तास समजवावं लागलं.

डेक्कनवाली: जपानी नकाशात तर ते बौद्ध देवळाची खूण असतं, फक्त उलटं वळलेलं.

क्ष-किरण: मी एक्स-रे विभागात काम करते. दारावर किरणांच्या धोक्याचं ते तीन पात्यांचं चिन्ह आहे. जुन्नरकडच्या एक आजी अगदी दाराला टेकून बसल्या होत्या. उठवायला गेले तर म्हणाल्या, "पंखा हाय न्हवं हितं? उकडतंय बाई." हसू आलं, पण चूक त्यांची नाही. वाघाचं तोंड बघून कुणीही घाबरेल. ही तीन पाती शिकवल्याशिवाय कळत नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ मध्ये एक जास्तीचं चिन्ह आणलं ते यामुळेच: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. पण ते तीव्र किरणोत्सारी स्रोतांवर लावतात, एक्स-रेच्या दारावर नाही. आम्ही शेवटी बाकच हलवला.

मेट्रोप्रवासी: स्टेशनात बाहेर पडायच्या वाटेच्या पाटीवरचा हिरवा पळणारा माणूस बघून आमचं पोरगं म्हणतं, "बाबा, त्याची मेट्रो सुटली." मुळात तो जपानी, युकिओ ओता यांचा. अमेरिकेत मात्र बऱ्याच ठिकाणी अजून लाल अक्षरांत EXIT असंच.

ठिपका: मला लाल-हिरवं नीट ओळखू येत नाही. पाकिटावर मांसाहारासाठी तपकिरी ठिपक्याऐवजी त्रिकोण आला तेव्हा कुठे सुटलो. सिग्नलला वरचा दिवा की खालचा, एवढंच बघतो. आडवा सिग्नल लागला की पुढच्या रिक्षावर भरवसा.

पेठकर: चित्रांचं कौतुक पुरे. आमच्या गल्लीत पी-१, पी-२ लिहिलंय. सम-विषम तारखेचं पार्किंग. नागपूरचे साडू तळघरात जायचा रस्ता शोधत दोन चकरा मारून आले. तोवर गाडी टोइंगवाल्यांनी उचलली होती.