मदत हवी आहे: कसबा पेठेची मराठी ऑडिओ टूर

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई पुण्याला येतेय. तिला तांबट आळी, कसबा गणपती, लाल महाल आणि शेवटी १७३२ चा शनिवारवाडा पायी दाखवायचाय. गुडघ्यांमुळे हेरिटेज वॉकमध्ये सगळ्यांबरोबर चालणं तिला झेपत नाही. म्हणून मोबाइलवर ऐकत, हवं तिथं थांबत फिरायचा विचार आहे.

या भागाची मराठी ऑडिओ टूर कुणी वापरलीय का? आधी डाउनलोड करून नेटशिवाय चालणारी असेल तर फारच बरं. नसेलच, तर मी स्वतः माहिती रेकॉर्ड करीन.

तांबट आळीत मात्र इअरफोन काढायचेच! तांब्याच्या भांड्यांवरची ती ठोक्यांची लय आईला ऐकवायचीय. तिथं काम साधारण किती वाजता चालू असतं? आणि वाटेत तिला सावलीत टेकायला जागा कुठे मिळेल?