आयत्या वेळी ठरलेले कॅम्पिंग : अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील कच्च्या रस्त्यांवरचे आपले अनुभव

मेमोरियल डेच्या (मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीच्या) आधीच्या बुधवारी मुलांनी 'आपण कॅम्पिंगला कधी जायचे?' असे विचारले, आणि मी संगणक उघडून पाहिले तेव्हा आमच्या टप्प्यातल्या प्रत्येक नॅशनल पार्कचे कॅम्पग्राउंड भरलेले होते. पुष्कळ ठिकाणी हे आरक्षण सहा महिने आधी उघडते आणि काही मिनिटांत संपते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. राष्ट्रीय वनांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कृषी खात्याच्या अखत्यारीतील वनसेवेकडे अशी १५४ वने असून, मनाई नसेल तेथे, बहुधा १४ दिवसांपर्यंत, कच्च्या रस्त्यालगत विनाशुल्क आणि विनाआरक्षण तंबू ठोकता येतो. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तेथे नळ, शौचालय, कचरापेटी यांपैकी काहीही नसते. एक-दोन दिवसांत ठरवून, मुलाबाळांसह असे कोणी गेले असेल, तर रस्ता कसा निवडला आणि अंदाज कोठे चुकला, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

फिनिक्सहून

आमचे शुक्रवारी दुपारी ठरले आणि चार वाजता आम्ही निघालो, हीच पहिली चूक. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण प्रवेशद्वाराबाहेर टुसायान हे छोटे गाव आहे आणि त्याच्या सभोवती कायबाब राष्ट्रीय वन पसरले आहे. तेथे ३०२ क्रमांकाच्या वनरस्त्यावर जागा मिळते असे ऐकले होते. पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. अंधारात पाँडेरोसा पाइनचे प्रत्येक झाड सारखेच दिसते, आधी वापरलेली जागा कोणती आणि नुसती मोकळी जमीन कोणती हे कळत नाही, आणि फोनला रेंज नव्हती. वनसेवेचा मोटार-वाहन नकाशा मी उतरवून घेतला होता, तो विनामूल्य मिळतो आणि कोणत्या रस्त्यावर कोणते वाहन चालते ते त्यात असते; पण तो कृष्णधवल आणि रूक्ष असतो, त्यात चढउतार किंवा खुणेच्या जागा जवळजवळ नसतात, त्यामुळे तो घरी दिवसाउजेडी वाचायला हवा होता. एक गोष्ट तेथेच शिकलो : रस्त्याच्या पाटीवर क्रमांक आडवा लिहिला असेल तर साधी मोटार बहुधा जाते, आकडे एकाखाली एक उभे लिहिले असतील तर तो रस्ता जमिनीपासून तळ उंच असलेल्या गाडीसाठी आहे असे समजावे. आमची कॅमरी, म्हणजे साधी बुटकी मोटार असल्याने उभ्या आकड्यांच्या दोन फाट्यांवरून आम्ही मुकाट्याने मागे फिरलो.

दुसरी चूक थंडीची. जून महिना, घरी ४२ अंश सेल्सियस, म्हणून आम्ही चादरी घेऊन गेलो होतो. तेथील उंची साडेसहा हजार फुटांहून अधिक आहे, आणि पहाटे गाडीतील तापमापक सहा अंश दाखवत होता. आई मुलीला कुशीत घेऊन गाडीत झोपली, आम्ही दोघे तंबूत अंगावर असतील नसतील ते कपडे चढवून कोल्हेकुई ऐकत बसलो. शेकोटी पेटवता येणार नव्हती, कारण मान्सूनपूर्व काळात ॲरिझोनाच्या वनांत आगीवर बहुधा निर्बंध असतात. भाजण्यासाठी नेलेली कणसे गॅसच्या शेगडीवर उकडली. आता निघण्याआधी त्या वनाच्या स्थानिक कचेरीला दूरध्वनी करून निर्बंध विचारतो, आणि शनिवारी-रविवारी ती बहुधा बंद असते म्हणून शुक्रवारी सकाळीच करतो.

सान होजेहून

मॅमथ लेक्सच्या बाजूला, इन्यो वनात, सुमारे नऊ हजार फुटांवर आम्ही दोन रात्री राहिलो. कॅलिफोर्नियात कॅम्पग्राउंडबाहेर गॅसची शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परवाना लागतो. तो विनामूल्य असून घरबसल्या छोटीशी चाचणी देऊन दहा मिनिटांत मिळतो, म्हणून आयत्या वेळेचे निमित्त सांगून तो टाळू नये.

स्वयंपाकाबद्दल एवढेच सांगते की त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे पातेल्यातली तुरीची डाळ दीड तासानेही कच्चीच राहिली; दुसऱ्या वेळी मी लहान कुकर नेला आणि मैत्रिणींच्या चेष्टेकडे दुर्लक्ष केले. अस्वलांची भीती खरी आहे. लोणचे, चिवडा आणि मुलांची टूथपेस्टसुद्धा आम्ही अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात भरून तंबूपासून दूर ठेवली, कारण वासाने अस्वल गाडीचे दार वाकवू शकते.

सिएटलहून

माउंट बेकर–स्नोक्वाल्मी वनात जूनच्या मध्यावर एका वळणानंतर रस्ता बर्फाखाली गेलेला होता. नकाशावर रस्ता खुला होता. पण खुला याचा अर्थ मोकळा नव्हे. एका बाजूला दरी, गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे पत्नी पुढे चालत हात दाखवत राहिली आणि मी जवळजवळ अर्धा मैल गाडी मागे घेतली. मुलगा मागच्या सीटवर अगदी गप्प होता, आणि त्याचे ते गप्प बसणे मला अजून आठवते. तेव्हापासून मी वळण्याची प्रत्येक रुंद जागा मनात मोजत जातो, आणि आधी स्वतः पायी जाऊन पाहिल्याशिवाय अरुंद रस्त्यावर गाडी घालत नाही.

उत्तर व्हर्जिनियाहून

जॉर्ज वॉशिंग्टन वन आम्हाला दोन तासांवर आहे, त्यामुळे आयत्या वेळी जाणे सोपे. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरून न्यावे आणि झोपण्यापूर्वी मुलांच्या कानामागे, काखेत गोचीड आहे का ते पाहावे, एवढेच.

लास वेगासहून

युटातील डिक्सी वनात आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो, आणि करारात कच्च्या रस्त्यावर नेण्यास मनाई असल्याचे मी नंतर वाचले. ऑगस्टमध्ये दुपारी तीनला पाऊस आला. अर्ध्या तासात थांबला, पण रस्ता चिकणमातीचा असल्याने चाकांना मातीचे जाड थर बसून ती नुसती फिरू लागली. सुटका अशी झाली की आम्ही काहीच केले नाही : गाडी जिथे होती तिथेच ठेवली, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास माती वाळल्यावर हळूच बाहेर आलो. एक दिवसाचे जास्तीचे जेवण आणि पाणी नसते, तर मी नक्कीच रात्री गाडी काढण्याचा अट्टहास केला असता.

डेन्व्हरहून

वरील अनुभव वाचून थोडा वेगळा सूर लावतो. सासूबाई भारतातून आल्या असताना आम्ही असेच अचानक निघालो. पाणवठा, तंबू आणि पायवाट यांपासून २०० फूट दूर जाऊन शौचासाठी सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, हे मी त्यांना रस्त्यात सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे निघायच्या आधी सांगायला हवे होते, जावईबापू." त्यांचे गुडघे दुखतात, हे माझ्या यादीत कोठेही नव्हते.

म्हणून माझा मार्ग असा आहे : वनसेवेची सशुल्क कॅम्पग्राउंडेही असतात, त्यांत बहुधा खड्ड्याचे का होईना बंदिस्त शौचालय असते, आणि काही जागा आरक्षणाविना, आधी येणाऱ्याला मिळतात. गुरुवारी दुपारी पोहोचल्यास आम्हाला बहुतेक वेळा मिळाली आहे, शुक्रवारी संध्याकाळी एकदाही नाही. सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा मी गुरुवारी अर्धी रजा टाकली. त्यांनी गाडीत बसण्यापूर्वी फक्त एवढेच विचारले की तेथे दार असलेले आहे ना.